चार नंबरवरच्या टिकल्या

मी तापट आहे हे अख्ख्या दिग्रसले माहीत आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. बस स्टँडच्या मागं माह्यं कॉम्प्युटर सेंटर आहे. सात मशीन, दोन पंखे, एक इन्व्हर्टर अन् दारावर पाटी, ‘चपला बाहेर काढा’. लोक म्हणतात, गझालाबाईच्या तोंडी लागू नका. बरोबरच म्हणतात. पण दोन हजार बाराच्या त्या शनिवारी सकाळी जो राग आला ना मले, तो काही साधा नव्हता.

सेंटर उघडलं, मशीन सुरू केल्या, ब्लॉग लिहाचं पान उघडलं, अन् पाहते तर काय, सगळं बदललेलं! कोणी विचारलं नाही, पुसलं नाही. काल संध्याकाळपर्यंत वर निळी पट्टी होती, खाली दोन चांगली ढबू बटनं होती. आज सगळं पांढरंफट्ट, सुतकातल्या घरासारखं. जिथं शब्द होते तिथं चित्रं बसवलेली. एक पेन्सिल, एक दातेरी चाक, एक बारीकसा बाण, ज्याच्या पोटात काय लपवलं ते अल्लाले माहीत. खालची बटनं वर गेलेली, डावीकडची उजवीकडं. अन् वरून इंग्रजीत विचारून राह्यले, आमचं नवं रूप कसं वाटलं? सांगू का कसं वाटलं? आपल्या स्वयंपाकघरात कोणी पाहुण्यानं येऊन मिठाचा डबा एकीकडं अन् मिरचीचा दुसरीकडं ठेवला, अन् ‘पाहा, किती मोकळं झालं’ म्हणलं, तसं वाटलं.

आता खोटं कायले बोलू, सगळंच वाईट नव्हतं. लिहाची जागा मोठी झाली होती. अन् कोणती पोस्ट किती लोकांनी वाचली तो आकडा आता समोरच दिसत होता, ते मले आवडलं. पण हा शहाणपणा मागाहून सुचला. सकाळी डोक्यात एकच गोष्ट होती. दुपारी देवरावकाका येणार. त्याच्या टिकल्यांचं आता काय करू?

हे टिकल्यांचं प्रकरण काय ते सांगते.

देवराव मनवर मूळचा फुलसावंगीचा. इथं कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होता. मशीनचा पट्टा कुठं घासून राह्यला ते डोळे मिटून आवाजावरून सांगाचा. शिक्षण सातवी. विहारातल्या लायब्ररीची पुस्तकं वाचून मराठी एकदम पक्की, पण इंग्रजी म्हणलं की गाडी बंद. रिटायर झाला त्या साली आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं. कापसाच्या कर्जानं शेतकरी खाल्ले होते. बाहेरच्या गाड्या येत, फोटो काढत, जात. काका एकदा गावी गेलता. फुलसावंगीच्या स्टँडवर एक गाडी थांबली, काच खाली झाली, अन् आतल्या माणसानं विचारलं, ‘‘मेलेल्याचं घर कोणतं?’’

काकानं हात करून दाखवलं. मग म्हणला, ‘‘साहेब, बाकीची सारी घरं जित्या माणसांची हायेत. तिथं नाही येत का?’’

काच वर गेली, गाडी गेली. काका त्याच दिवशीच्या बसनं परत आला अन् घरी न जाता सरळ माह्या सेंटरमध्ये शिरला. चपला न काढता. मी ओरडणार होती, पण त्याचं तोंड पाहून गप्प बसली.

‘‘गझाला,’’ म्हणे, ‘‘ते कॉम्प्युटरवर लिहितात अन् साऱ्या जगाले दिसते, ते मले शिकव. मले जित्या माणसाबद्दल लिहाचं हाय.’’

असा त्याचा ब्लॉग सुरू झाला. नाव ‘जिता माणूस’. आठवड्याले एक माणूस. सुखीबाई, जी दोन्ही हातांनी कापूस वेचते अन् बोंडाचा कचरा एक कणभर येऊ देत नाही. उत्तमसिंग, जो बैलाचे दात पाहून त्याचं वय सांगते. असे लोक, ज्यांच्या दारात कोणती गाडी कधी थांबली नसती. अन् काकाचा एक नियम होता, लोखंडासारखा. लिहिलेलं माह्याकून छापून घेई, बुधवारच्या बसनं गावी जाई, त्या माणसासमोर बसून त्याच्याबद्दलचं त्यालेच मोठ्यानं वाचून दाखवी. त्यानं ‘हाव’ म्हणलं तरच शनिवारी ब्लॉगवर टाकाचं. सुखीबाईनं सारं ऐकलं अन् म्हणली, ‘‘वय काढ, मंग हाव.’’ काकानं वय काढलं. जो नाही म्हणे, त्याचं लिखाण तसंच आत राही, अन् काका त्याले दुसऱ्यांदा विचारत नव्हता. ‘‘मेलेल्याले कोणी विचारत नाही,’’ म्हणे, ‘‘पण जित्याले विचारलंच पाह्यजे.’’

पण शिकवता शिकवता माह्या नाकी नऊ आले! काका, हे सेव्हचं बटन. काका, ते नाही, त्याच्या बाजूचं. काका, ते दाबलं तर सारं उडून जाईल! एक दिवस वैतागून मी म्हणलं, ‘‘आता काय बटनाले कुंकू लावून देऊ का तुम्हाले?’’

काका हसला नाही. पुढच्या शनिवारी त्यानं शर्टाच्या खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. बायकोचं, कौसल्याकाकूचं, न विचारता आणलेलं. म्हणे, ‘‘जिनातही आम्ही असंच करो. ज्या व्हॉल्वले हात लावाचा नाही त्याले लाल रंग.’’ मी बटनं दाखवत गेली अन् तो चार नंबरच्या मशीनच्या काचेवर टिकल्या चिकटवत गेला. नवं लिहाचं असेल तिथं काळी, सेव्ह कराले हिरवी, जगाले दाखवाचं असेल तर पिवळी, अन् खोडाच्या बटनावर लाल. तेव्हापासून चार नंबर काकाचा. पोट्टे हसत, ‘मॅडम, या मॉनिटरले नजर लागली होती का?’ एकानं टिकली खरवडली तर त्याले महिनाभर सात नंबरवर बसवलं, जिथं पंख्याची हवा येत नाही.

टिकल्या चार वर्षं टिकल्या. सुटली की काका नवी लावे. त्याचे हात शिकले होते, डोळ्यांचं कामच उरलं नव्हतं.

तर त्या शनिवारी तीन वाजता काका आला. मी काउंटरवर एका पोरीचा फॉर्म भरत होती, तारीख संपत आलेली, सर्व्हर रडून राह्यलं होतं. मी इथूनच ओरडली, ‘‘काका, आज सारं बदललं आहे! हात लावू नका, मी येते!’’

‘‘हाव, हाव,’’ म्हणे. पण फिटरचा हात तो. मशीनसमोर बसला अन् गप राह्यला, असं कधी झालं का? उठून त्याच्याजवळ जाले मले दोन मिनिटं लागली असती. मी गेली नाही. ही चूक माही, अन् ती मी कोणावर ढकलत नाही.

थोड्या वेळानं आवाज आला, ‘‘गझाला, एक जुनं उघडून त्यात एक ओळ घातली अन् सेव्ह केलं. पण हे काहीतरी इंग्रजीत म्हणून राह्यलं.’’

मी जाऊन पाह्यलं. हिरव्या टिकलीच्या खाली आता सेव्हचं बटन नव्हतंच. तिथं जगाले दाखवाचं बटन येऊन बसलं होतं. पोस्ट गेली होती. मथळा होता, ‘कौसल्या’.

‘‘काका, हे तर साऱ्या जगाले दिसून राह्यलं!’’

काका खुर्चीतून उठला. ‘‘काढ,’’ म्हणे. ‘‘पोरी, पाया पडतो, काढ ते.’’

काढू कुठून? जुन्या रूपात दोन सेकंदाचं काम होतं. आता चाकावर दाबलं तर रंग निवडा म्हणे, पेन्सिलवर दाबलं तर परत लिहा म्हणे. आकडा समोर दिसून राह्यला होता. वाचक एक. सकाळी जे मले आवडलं होतं, तेच आता डोळ्यात खुपत होतं. वाचक दोन. काका खुर्चीचा दांडा धरून उभा होता अन् बारीक आवाजात म्हणत होता, ‘‘दीपमाला वाचंल. दीपमाला वाचंल.’’

दीपमाला म्हणजे काकाची सून, रवीची बायको, पुण्याले राहते. सासरा शनिवारी जे टाके, ते ती फोनवर सासूले वाचून दाखवी. काकूचे डोळे अधू झाले होते, अन् नवऱ्याचं लिखाण ऐकण्याचा तिचा तेवढाच एक मार्ग होता. काका स्वतः तिले कधी वाचून दाखवत नव्हता. याचं मले नेहमी नवल वाटे, पण मी विचारलं नव्हतं.

शेवटी त्या बारीक बाणाच्या पोटात ते बटन सापडलं. पोस्ट आत गेली. मी सुस्कारा टाकला, काका खुर्चीत बसला. मी त्याच्यासाठी पाणी आणाले गेली.

गिलास भरून होत नाही, तर दारात कौसल्याकाकू उभी.

चार वर्षांत ती कधी सेंटरमध्ये आली नव्हती. डोळे बारीक करून पाटी वाचली, चपला बाहेर काढल्या. हातात मोबाइल. माह्याकडं पाहून ‘‘जयभीम, बेटा’’ म्हणली अन् काकासमोरच्या स्टुलावर बसली.

‘‘दीपमालाचा फोन आलता,’’ म्हणे. ‘‘आई, आज तुमच्यावर लिहिलं हाय, म्हणली. वाचाले लागली. ‘पोस्टमननं ते पत्र माझ्या हातात दिलं,’ इथवर वाचलं अन् थांबली. म्हणते, आई, मी नंतर फोन करते. पोरगी रडत होती.’’

काकू स्टुलावरून पुढं सरकली.

‘‘तुमचा नियम हाय ना? माणसाले आधी वाचून दाखवाचं. वाचा पुढचं.’’

मी सेंटरमधल्या पोट्ट्यांना बाहेर काढलं. मीही निघाली, तर काकूनं माह्या हाताले धरलं. ‘‘तू थांब. मशीन तुही हाय.’’

काकानं वाचलं. आयुष्यभर पट्ट्यांच्या खडखडाटात बोललेला माणूस, त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. लिहिलं होतं ते असं. ‘सन १९७३. कौसल्या सातवी पास होती. नर्सच्या ट्रेनिंगसाठी तिने यवतमाळला अर्ज केला होता. उत्तर आलं तेव्हा मी जिनिंगच्या फाटकावर होतो. पोस्टमनने ते पत्र माझ्या हातात दिलं. तिची निवड झाली होती. दीड वर्ष तिथे राहायचं होतं. रवी दोन वर्षांचा होता, हे कारण मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ती शिकून नर्सबाई होईल, लोक तिला उठून नमस्कार करतील, आणि मी ग्रीसच्या हातांचा फिटरच राहीन, अशी मला भीती वाटली. पत्र मी जिनिंगच्या चहावाल्याच्या शेगडीत टाकलं. काही महिन्यांत ती ते विसरून गेली. मी विसरलो नाही.’

‘‘थांबा,’’ काकू म्हणली. ‘‘हे चुकलं.’’

‘‘काय चुकलं?’’

‘‘मी इसरली नाही. चार महिने मी रोज अकरा वाजता दारात उभी राहो. पोस्टमन गल्लीत दिसला की तांब्या भरून आणो, पाणी प्याले थांबंल, मंग थैलीत नीट पाहून घेईल म्हणून. त्यानं पाणी पेलं अन् गेला. मले वाटलं, मी नापास झाली.’’ तिचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द वेगळा होता. ‘‘चाळीस वर्षं मले वाटत राह्यलं की मी त्या लायकीचीच नोती. रवीच्या शाळेत मास्तरसमोर बोलाले मी भेली, ते त्याच्यामुळं. हे लिहा त्यात.’’

मले काकाचा एवढा राग आला की काय सांगू. चार वर्षं ज्या माणसाचं कौतुक केलं, त्याले तिथल्या तिथं चार शब्द सुनवावे वाटले. अन् त्याच वेळी त्याच्याकडं पाहून जीवही तुटत होता. काका रडून राह्यला होता, गमछा तोंडाले लावून, आवाज न करता.

‘‘कौसल्ये,’’ म्हणे, ‘‘मले माफ...’’

‘‘ते मंग पाहू. आधी लिहा.’’

त्यानं लिहिलं. तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत. काकू काचेजवळ वाकून पाहत होती, अन् मग तिले टिकल्या दिसल्या. ‘‘ह्या माह्या हायेत,’’ म्हणे. ‘‘मी म्हणो, पाकिटं एवढ्या लवकर सरतात कशी.’’

मले हसू आलं अन् रडूही आलं. सवयीनं मी विचारून गेली, ‘‘काकू, मग टाकाचं का हे?’’

‘‘मी हाव म्हणलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग राहू दे आतच.’’ ती उठली. दारावर सरकारी कॉम्प्युटर कोर्सचा कागद चिकटवला होता, तो नाक लावून वाचला. ‘‘याचं प्रमाणपत्र भेटते?’’

‘‘भेटते. पण परीक्षा असते. यवतमाळले जाव लागते.’’

‘‘यवतमाळले?’’ तिनं पदर खोचला. ‘‘माह्यं नाव घाल.’’

साठ वर्षांची बाई, जाड भिंगाचा नवा चष्मा करून सोमवारी हजर. अन् अल्ला कसम, मी एवढी शिकवली पोरं, असं डोकं कमी पाह्यलं. आम्ही सारे नव्या रूपाच्या नावानं बोटं मोडत होतो, जुनं बटन कुठं गेलं म्हणून चाचपडत होतो. काकूच्या डोक्यात जुनं काही नव्हतंच. तिले बाण म्हणजे बाण, चाक म्हणजे चाक. आठ दिवसांत तीच काकाले सांगाले लागली, ‘‘तिथं नाही, वर पाहा, वर.’’ एका दुपारी तिनं नखानं चारी टिकल्या काढल्या अन् काच ओल्या फडक्यानं पुसली. काका इतरांबद्दल लिहीत राह्यला, बुधवारी गावी जात राह्यला. ‘कौसल्या’बद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याचा नियमच तसा होता. पण दर शनिवारी काम झालं की तो यादीत खाली जाई, ते नाव आहे का पाही, अन् मशीन बंद करी. घरी दोघं काय बोलत होते मले माहीत नाही. येताना ती पुढं अन् तो मागं, एवढं दिसत होतं.

तीन महिन्यांनी परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. माह्याकडंच येते ते, मी हातात देते. काकूले द्याले गेली तर तिनं हात मागं घेतला.

‘‘पोस्टानं धाड.’’

‘‘काकू! तीन गल्ल्या सोडून घर आहे तुमचं! कायले पोस्ट? अन् शुक्रवारी परीक्षा आहे, वेळेवर पोचलं नाही तर?’’

‘‘पोस्टानं धाड,’’ म्हणे.

मी चिडचिड करतच पाकीट घेतलं, तिकीट लावलं, नाव लिहिलं, शनिवारीच पेटीत टाकलं. बुधवारपर्यंत काही पत्ता नाही. माह्या जिवाले घोर. म्हणलं, हिची हौस होते अन् परीक्षा बुडते. दुसरी प्रत छापून घेतली, पर्समध्ये घातली अन् साडेदहाले त्यांच्या घरी गेली.

पाहते तर काका ओट्यावर बसलेला. बुधवार असून गावी गेला नव्हता. बाजूले पाण्यानं भरलेला तांब्या.

‘‘सोमवारपासून बसून राह्यले,’’ काकू आतून म्हणली. ती कणीक मळत होती. मी पर्स उघडाले लागली, मग तशीच बंद केली अन् गुपचूप दाराजवळ बसली.

अकराच्या सुमाराले रामधन पोस्टमन सायकल ढकलत गल्लीत आला. काका उठून उभा राह्यला. रामधननं पाकीट दिलं, पाणी प्यायला अन् गेला. काका त्या पाकिटाकडं पाहत उभा होता. नाव लिहिलं होतं, सौ. कौसल्या देवराव मनवर. ओट्यापासून चुलीपर्यंत दहा पावलं असतील. ती चालाले त्याले किती वेळ लागला! दोन्ही हातांत पाकीट धरून तो तिच्यासमोर गेला.

‘‘तुह्यं पत्र आलं.’’

काकूनं हाताची कणीक पुसली. पाकीट उलटं करून पाह्यलं. चिकटवलेलं जसंच्या तसं होतं. तिनं ते उघडलं, चष्मा लावला, अन् सारं वाचलं. नाव, जन्मतारीख, यवतमाळ, शुक्रवार, सकाळी अकरा. परत एकदा वाचलं. मग कागद घडी करून पदराच्या टोकाले बांधला अन् त्याच्याकडं पाह्यलं. काका अजून तसाच उभा होता, हात पुढं केलेले, रिकामे.

‘‘हाव,’’ काकू म्हणली. ‘‘आता टाका ते.’’